खनिजाला नळी, सायकलीला चिखल

२२ जुलै २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यात मुख्यमंत्र्यांच्या हस्ते ज्या औद्योगिक प्रकल्पांचे उद्घाटन झाले, त्यांत एका पाइपलाइनचा समावेश होता. एटापल्ली तालुक्यातील हेडरी येथे सुरजागडचे लोहखनिज दळायचे, पाण्यात कालवून त्याचा गाळ करायचा आणि तो गाळ सुमारे ८५ किलोमीटर लांबीच्या नळीतून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीच्या कारखान्यापर्यंत पोचवायचा, अशी ही योजना आहे. नळीमुळे रस्त्यावरचे ट्रक कमी होणार असतील तर तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु तिने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. ज्या प्रदेशाविषयी ‘घनदाट जंगल, दुर्गम भाग, नाल्यांचे जाळे, काय करणार’ असे गेली पाऊणशे वर्षे ऐकवले जात होते, त्याच प्रदेशातून वस्तूला हवी तशी, तिच्या मापाची स्वतंत्र वाट काढता येते. मात्र ती वस्तू खनिज असावी लागते. त्याच जंगलातल्या टोल्यावरून हायस्कुलात जाणाऱ्या मुलीच्या सायकलीसाठी दोन मीटर रुंदीची कोरडी वाट मागितली की पुन्हा भूगोलाचा धडा सुरू होतो.

यावर राज्यकर्त्यांचे उत्तर ठरलेले आहे: सायकल दिली ना! दिली, हे खरे आहे. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील २३ जिल्ह्यांतल्या १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ साली ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. योजना चांगली आहे, आणि जे चांगले आहे त्याला चांगले म्हणण्यात समाजवाद्यांचे काही जात नाही. पण सायकल ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी म्हणजे वाट. हे अर्धेपण किती महाग पडते याचा हिशेब कोणत्याही कार्यकर्त्याला कागदावर मांडून पाहता येईल.

पाच किलोमीटरची वाट पायी तुडवायला सव्वा तास लागतो. बऱ्या रस्त्यावर सायकलीने तेच अंतर पंचवीस मिनिटांत संपते. जाऊन-येऊन दिवसाला शंभर मिनिटे वाचतात. शाळेचे दिवस वर्षाला २२० धरले तर सुमारे ३६६ तास. पाच हजारांची सायकल पाच वर्षे टिकली तर मुलीच्या आयुष्यातला एक तास समाजाला तीन रुपयांहूनही स्वस्तात पडतो. सरकारी तिजोरीतून होणाऱ्या खर्चांमध्ये याहून किफायतशीर खर्च सहजी सापडणार नाही. आता याच हिशेबात चिखल मिसळावा. वाट उखडलेली असेल, नाल्यापाशी उतरून सायकल ढकलावी लागत असेल, तर ताशी बाराचा वेग सहावर येतो, आणि वाचणाऱ्या शंभर मिनिटांपैकी पन्नासच उरतात. म्हणजे सरकारने दिलेल्या सायकलीचा अर्धा लाभ सरकारने न दिलेला रस्ता गिळून टाकतो. पावसाळ्यात तर कित्येक ठिकाणी सायकल घरच्या पडवीत उभी राहते. ज्या महिन्यांत शाळेची सवय लागायची, नेमके तेच महिने वाया जातात.

पाच किलोमीटरच्या मर्यादेचीही चिकित्सा झाली पाहिजे. बिहारात २००६ साली नितीशकुमार सरकारने नववीतल्या मुलींसाठी सायकलीची योजना आणली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा काटेकोर अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतील पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, आणि मुलगे व मुली यांच्यातील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पण इथे त्याहून महत्त्वाची आहे ती त्याच अभ्यासातील दुसरी बाब: हा परिणाम मुख्यतः शाळा तीन किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या गावांत दिसला. गाव जितके आडबाजूला तितकी सायकल अधिक मोलाची. एटापल्ली तालुक्यात टोले कसे विखुरलेले आहेत हे ज्याने पाहिले आहे, त्याला पाच किलोमीटरची रेघ कोणाला आत घेते नि कोणाला बाहेर ठेवते हे सांगावे लागत नाही. रेघेपलीकडच्या मुलीसाठी एस. टी. आहे, असे योजना म्हणते. अहेरीहून गर्देवाड्याला पहिली एस. टी. धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी, आणि तिला हिरवा झेंडा दाखवायला खुद्द मुख्यमंत्री आले. जिथे बस येणे हाच समारंभ असतो, तिथे रेघेपलीकडच्या मुलीला बसच्या भरवशावर सोडणे म्हणजे तिला आश्रमशाळेच्या वसतिगृहात तरी धाडणे किंवा घरी तरी बसवणे.

सायकल हे यंत्र गेल्या दोनशे वर्षांत किती सुधारले, याचा इतिहास श्रमिकांच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइसने दोन चाके एका लाकडी दांड्याला जोडली तेव्हा तिला पेडल नव्हते. स्वार पायांनी जमीन रेटत पुढे जाई. पुढे पेडल आले, पण ते पुढच्या चाकाला. वेग हवा म्हणून ते चाक माणसाच्या छातीइतके उंच झाले, आणि सायकल हा धाडसी तरुणांचा खेळ होऊन बसला. १८८५ मध्ये स्टार्लीने दोन सारखी चाके नि मागच्या चाकाला चेन अशी रचना केली, १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि मग पंधरावीस वर्षांत ती कारखान्यातल्या मजुराची, शिक्षिकेची, टपालवाल्याची झाली. सपाट वाटेवर त्याच शक्तीत माणूस पायी जाण्यापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने जातो. इंधन जाळून चालणारे कोणतेही वाहन शक्तीच्या काटकसरीत तिच्या जवळपास येत नाही. १९७४ साली इव्हान इलिच यांनी हिशेब मांडला होता: अमेरिकन माणूस मोटारीत बसण्यासाठी आणि मोटारीचे पैसे कमावण्यासाठी वर्षाकाठी जितके तास घालतो ते सगळे धरले, तर त्याचा खरा वेग ताशी पाच मैलांहूनही कमी भरतो. सायकलस्वार त्याला सहज मागे टाकतो.

त्यानंतरच्या सुधारणा मात्र कोणासाठी झाल्या? अॅल्युमिनियमचे हलके सांगाडे, एकवीस-चोवीस गिअर, डिस्क ब्रेक, विजेच्या मोटरची जोड: हे सारे भारताच्या बाजारात आले आहे. मुंबई-पुण्यात लाख-दीड लाखाच्या सायकली रविवारी सकाळी आरोग्यासाठी बाहेर पडतात आणि दहाच्या आत मोटारीच्या शेजारी जाऊन उभ्या राहतात. त्या हौसेवर टीका करण्याचे कारण नाही. पण धानाचे पोते, सरपणाची मोळी किंवा तेंदूपानांचे गठ्ठे कॅरियरवर बांधून जंगलवाटेने जाणाऱ्या माणसाच्या हाती आजही तीच जड, एकाच वेगाची, मुळात सपाट रस्त्यासाठी बेतलेली सायकल आहे. झारखंडात दोन-दोन क्विंटल कोळसा लादून सायकल ढकलत नेणारी माणसे रस्तोरस्ती दिसतात. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत व्हिएतनामी शेतकऱ्यांनी सायकली मजबूत करून प्रत्येकीवर दोनशे किलोहून अधिक रसद डोंगरांतून नेली आणि फ्रेंच साम्राज्याचा हिशेब चुकवला. ओझे वाहण्यासाठी सायकल कशी असावी हे गरिबांना ठाऊक आहे. कारखानदारांना त्यात बाजार दिसत नाही, इतकेच. आफ्रिकेतल्या ग्रामीण भागांसाठी शंभर किलो भार पेलणाऱ्या, जाड तारांच्या, कमीत कमी दुरुस्ती लागणाऱ्या पोलादी सायकली एका सेवाभावी संस्थेने मुद्दाम बनवून घेतल्या. झांबियात त्या मुलींना दिल्यावर शाळेतली गैरहजेरी चतुर्थांशाहून अधिक घटली. भारत सायकल-उत्पादनात चीनच्या खालोखाल आहे, लुधियाना हे त्याचे माहेरघर आहे. या देशाला जंगलात चालणारी सायकल घडवणे अवघड नाही. मागणी करणारी सरकारे आहेत, लाखांनी खरेदी आहे. फक्त नुसते अनुदान न वाटता ‘सायकल अशी हवी’ असा दर्जा ठरवण्याची इच्छा नाही.

इथे समाजवाद्यांनी स्वतःलाही एक टोला लगावून घ्यावा. मुंबईची हिंद सायकल्स आणि बंगालमधील सेन-रॅले या दोन कंपन्यांचे १९८० साली कायदा करून राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे गरिबाच्या वाहनाचा कारखाना जनतेच्या मालकीचा, हे स्वप्न कागदावर पुरे झाले होते. दोन्ही कारखाने पुढे बंद पडले, आणि त्यावर डाव्या वर्तुळात दोन दिवस हळहळ व्यक्त होण्यापलीकडे काही घडले नाही. खाजगी क्षेत्राने काही वेगळे दिवे लावले असेही नाही. साहिबाबादच्या अॅटलस कारखान्याने आपल्या शेकडो कामगारांना घरी बसवले तो दिवस होता ३ जून २०२०, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला जागतिक सायकल दिन. त्याच वर्षी उन्हाळ्यात टाळेबंदीने उघड्यावर टाकलेले मजूर मिळेल त्या सायकली विकत घेऊन शेकडो मैल गावाकडे निघाले होते.

करांची कहाणी तर याहून बोलकी आहे. वस्तू व सेवा कर आला त्या २०१७ पासून सायकलीवर १२ टक्के कर होता. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या मोटारींवरील कर ५ टक्के करण्यात आला. मोटार दहा लाखांची असो वा कोटीची. म्हणजे पुढील सहा वर्षे श्रीमंताची धूर न सोडणारी मोटार पर्यावरणाची मित्र ठरली आणि मजुराची धूर न सोडणारी सायकल अडीच पट करास पात्र राहिली. कर धरून पाच हजार किंमत झालेल्या सायकलीत सुमारे ५३५ रुपये कराचे असत. एका खिडकीवर मुलीच्या खात्यात पाच हजार जमा करायचे आणि दुसऱ्या खिडकीवर त्यातले पाचशे पस्तीस परत घ्यायचे, असा हा कल्याणकारी राज्याचा व्यवहार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील कर ५ टक्क्यांवर आला, ही इष्ट गोष्ट झाली. ती आठ वर्षांआधी का झाली नाही याचे स्पष्टीकरण कोणी मागितले नाही, कारण सायकलवाल्यांची लॉबी नसते.

‘आता खेड्यापाड्यांत मोटारसायकली आल्या, सायकल कोण विचारतो?’ हा आक्षेप शहरी अर्थपंडित घेतात आणि, खेदाने म्हणावे लागते, पक्षाचे काही तालुका-पातळीवरचे पुढारीही घेतात. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर वा मोटारसायकल २१ टक्क्यांकडे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीतही सुमारे निम्म्या कुटुंबांकडे सायकल होतीच. पण आकडे बाजूला ठेवले तरी एक साधी गोष्ट उरते. घरात मोटारसायकल एक असते आणि ती कर्त्या पुरुषाची असते. लिटरला शंभरी ओलांडलेले पेट्रोल घालून कोणी बायकोला रेशन दुकानात किंवा मुलीला शाळेत रोज नेऊन सोडत नाही. ‘गावात मोटारसायकली आल्या’ याचा अर्थ गावातले पुरुष वाहनावर बसले, एवढाच होतो. आशा सेविका, अंगणवाडीची मदतनीस, बाजाराला निघालेली म्हातारी, ही सारी अजून पायीच आहेत. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या साक्षरता चळवळीत, शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी असताना, हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पाटी-पेन्सिलीइतकीच सायकलही त्या चळवळीचे साधन बनली होती. त्या स्त्रियांना कोणी मोटारसायकलीची वाट पाहा असे सांगितले असते तर त्या अजून वाटच पाहत बसल्या असत्या.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे रस्त्याकडे, वळले पाहिजे. सुरजागडच्या पहाडावरील खाणपट्टा लॉइड्स मेटल्स या कंपनीला २००७ साली मिळाला. काम रेटून सुरू झाले ते २०१६ मध्ये, बंद पडले, आणि २०२१ पासून पुन्हा जोरात चालू झाले. २०२३ साली उत्खननाची वार्षिक मर्यादा तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यात आली. हे खनिज एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या वाटेने ट्रकांतून वाहू लागले, तेव्हा जो रस्ता साध्या रहदारीसाठी बांधला होता त्याची चाळण झाली. उन्हाळ्यात लाल धूळ, पावसाळ्यात लाल चिखल. अपघात झाले, रास्ता रोको झाले, त्यांच्या बातम्या आल्या नि विरल्या. भरलेला ट्रक मागून येतो तेव्हा सायकलस्वाराने डांबर सोडून कडेला उतरायचे, हा तिथला अलिखित नियम आहे, आणि कडेला काय असते? खचलेली साइडपट्टी, नाही तर खड्डा. रस्ता दुरुस्त होतो तेव्हाही डांबराची पट्टी रुंद होते, ट्रकाचा वेग वाढतो, साइडपट्टी मात्र तशीच राहते.

हाही रस्ता नको होता, असे म्हणणारे दुसरे एक टोक या जंगलात वावरत होते. नक्षलवाद्यांनी वर्षानुवर्षे रस्ते खोदले, बांधकामाची यंत्रे जाळली. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला सत्तरहून अधिक वाहने पेटवली. रस्ता आला की पोलीस नि कंपनी येते, हा त्यांचा तर्क सर्वस्वी खोटा नव्हता. पण रस्ता नसला की बाळंतिणीला खाटेवर घालून न्यावे लागते, हे सत्य त्यांच्या क्रांतीच्या हिशेबात कधी आलेच नाही. बंदुकीच्या दोन्ही बाजूंनी रस्त्याकडे सैन्याच्या आणि मालाच्या हालचालीचे साधन म्हणून पाहिले. गावच्या माणसाची हालचाल कोणाच्याच नकाशात नव्हती.

आणखी एक आक्षेप अधिक प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. ‘धनिकांना मोटारी आणि आदिवासींना सायकली, हा कसला समाजवाद?’ सायकल ही एस. टी.च्या जागी मागितली जात असेल तर हा आक्षेप बिनतोड आहे. गर्देवाड्याला बस पोचली तशी ती जारावंडी, कसनसूर, गट्टा या भागांतल्या प्रत्येक मोठ्या गावाला, वेळेवर आणि पावसाळ्यातही पोचली पाहिजे, ही मागणी पहिली. पण बस मुख्य रस्त्यावर थांबते. तिथून टोल्यापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर, दळण, बाजार, आरोग्य उपकेंद्र, तेंदूची फळी, या रोजच्या लहान लहान अंतरांना बस कधीच पुरी पडत नाही. ती युरोपातही पडत नाही. नेदरलँड्स हा काही दरिद्री देश नव्हे. तिथे १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आई-बाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी चळवळच उभी राहिली, त्यात १९७३ चे तेलसंकट आले, आणि सरकारला सायकलीसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याचे धोरण स्वीकारावे लागले. डच माणूस जन्मतःच सायकलप्रेमी असतो म्हणून ते मार्ग झाले नाहीत. मोटारींना दिलेली जागा लोकांनी भांडून परत घेतली, म्हणून झाले.

हे भांडण समाजवाद्यांना परके असू नये. इंग्लंडमध्ये १८९४ साली ‘क्लॅरिअन’ या समाजवादी वृत्तपत्राच्या वाचकांनी सायकल क्लब काढला. रविवारी पत्रकांचे गठ्ठे घेऊन ते खेडोपाडी जात. जर्मनीत १८९६ मध्ये ‘सॉलिडारिटेट’ ही कामगार सायकलस्वारांची संघटना निघाली, ती लाखांच्या सभासदसंख्येला पोचली, आणि १९३३ मध्ये नाझींनी तिच्यावर बंदी घातली. महाराष्ट्रातही एक पिढी सायकलीवरून पक्षाचे काम करीत होती. आज तालुक्याच्या मेळाव्याला मोटारसायकलींची रॅली काढल्याशिवाय शक्तिप्रदर्शन झाले असे वाटत नाही. (सायकल आता मतपत्रिकेवरच्या चिन्हात तेवढी दिमाखाने उभी आहे: उत्तर प्रदेशात समाजवादी पक्षाचे, गोदावरीपलीकडे तेलुगू देसमचे.) पक्षांच्या मागणीपत्रांत हमीभाव असतो, वनहक्क असतो, कर्जमाफी असते; सायकलीची वाट कधी असल्याचे दिसत नाही. गरिबी हटवायची म्हणजे सायकल हटवायची, असा काहीसा ग्रह त्यामागे असावा.

कायद्याची अडचण मात्र कोणी सांगू नये. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार गावाच्या सोयीसाठी तेरा प्रकारची कामे वनजमिनीवर करता येतात, त्यांत रस्ता आहे. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन लागावी, हेक्टरी पंचाहत्तरहून अधिक झाडे तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. दोन मीटर रुंदीची वाट पाच किलोमीटर नेली तर जमीन किती लागते? दहा हजार चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक हेक्टर. वाट चार हात आखूड ठेवली की अट पाळली गेली. योजनेची पाच किलोमीटरची रेघ आणि कायद्याचा एक हेक्टर यांचे गणित असे नेमके जुळते, आणि तरीही मानव विकासाचा अधिकारी सायकली मोजतो, वनखाते झाडे मोजते, बांधकाम खाते डांबर मोजते. तिघे एका टेबलाशी बसत नाहीत. पायवाट बहुतेक ठिकाणी आधीच तुडवलेली असते, त्यामुळे झाडे तोडण्याचा प्रश्नही किरकोळच. लागतो तो मुरूम, नाल्यांवर सिमेंटचे पाइप घातलेले छोटे रपटे, आणि गावच्याच हातांना मजुरी. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली करून देशाला वाट दाखवणाऱ्या महाराष्ट्राला या कामासाठी नवे तत्त्वज्ञान शोधावे लागणार नाही.

तेव्हा गडचिरोली आणि चंद्रपूरच्या वनक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी ग्रामसभांपुढे ठेवायचा ठराव थोडक्यात असा असावा: टोल्यापासून शाळेपर्यंत आणि बसथांब्यापर्यंत मुरमाची वाट कलम ३(२) खाली, खनिज-वाहतुकीच्या प्रत्येक रस्त्याला दोन्ही बाजूंनी पक्की, ट्रकाला बंदी असलेली साइडपट्टी, आणि तिचा खर्च खाणींच्या स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जमणाऱ्या निधीतून, सायकल-अनुदानाची पाच किलोमीटरची मर्यादा रद्द, आणि सायकलीचा दर्जा, भार व सुटे भाग ठरवून खरेदी. वेळेचे भान मात्र ठेवावे लागेल. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि पावसाचा मुहूर्तही तोच. मे महिन्यात सारे गाव तेंदूपानात असते. त्या काळात मुरूम टाकायला कोणी मिळणार नाही. धानाची मळणी आटोपल्यापासून मोहफूल पडेपर्यंतचे आठ-दहा आठवडे तेवढे हाती असतात, आणि त्याआधी ठराव वनखात्याच्या टेबलावर पोचलेला असला पाहिजे.